मालक नाही, प्रवासी नाही

"सीट अजून मागं सारा, महेंद्रभाऊ. आन् ती कार्पेटची पट्टी उचला. चेसी नंबर तिथंच असतोय," फोनमधून आप्पासाहेब म्हणाला. महेंद्रने डाव्या हातात मोबाईल धरला, उजव्या हाताने ड्रायव्हरशेजारच्या सीटखालची पट्टी उचलली, आणि तिथे नंबर दिसला नाही. खडे दिसले. सुपारीएवढे, धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ, पत्र्यात कोरलेल्या आकड्यांवर एकापुढे एक मांडलेले. चाकातून उडालेला खडा इथे येत नाही. उडालेले खडे असे ओळीत बसत नाहीत. पंचवीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या माणसाच्या डोळ्यांनी त्याला न विचारताच मोजून टाकलं. आठ नग.

"काय हाय ते? हलवा जरा मोबाईल."

"काही नाही. खडे आहेत. चाकातले."

आप्पासाहेब हसला. तो मूळचा घोडेगावचा, बाप जनावरांच्या बाजारात दलाल, आणि स्वतः विम्यात शिरला तो म्हशींच्या विम्यातून. "चाकातलं कुठलं! तिघं निघाली की चौथा खडा ठिवत्यात. आमची म्हातारी अजून ठिवती. तुमच्यात बी ठिवत्यात व्हय?"

आमच्यात ठेवत नाहीत, असं महेंद्र म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. भिंगारच्या त्या गल्लीत, कडुनिंबाखाली, रविवारी सकाळी साडेदहाला, स्वतःच्या गाडीत डोकं खुपसून, पार्श्वभाग रस्त्याकडे करून तो गुडघ्यांवर बसला होता. त्याने खडे मुठीत घेतले. थंड होते. नंबर दिसू लागला. आप्पासाहेबाने तो मोठ्याने वाचला, म्हणाला, "झ्याक. जनावराचं बरं हुतं बघा. कानात बिल्ला. म्हैस मेली की बिल्ल्यासकट कान कापून हापिसात आणायचा, मग पैसं. गाडीला कान न्हाई, म्हनून हे फोटो."

पॉलिसी तीन दिवसांपूर्वी संपली होती. वर्कशॉपात ज्याच्या रजिस्टरची एक तारीख कधी चुकली नाही, त्या माणसाची पॉलिसी संपली होती, आणि ती विसरल्यामुळे नव्हे. तीन आठवडे तो ते पान रोज उघडत होता. वर एक सक्तीची ओळ, आणि खाली चौकोन. चौकोनांपुढे लिहिलेलं: ऐच्छिक. वरची सक्तीची ओळ दुसऱ्यासाठी होती, आपल्या गाडीखाली जो येईल त्याच्यासाठी. खालचं सगळं स्वतःसाठी. तुम्हाला कशाची भीती वाटते ते खुणा करून कळवा, असं ते पान म्हणत होतं, आणि महेंद्रला ते रोज नव्याने वाचावं लागत होतं.

प्लास्टिकचा बंपर फुटला तर घसारा न कापता पूर्ण भरपाई. हो / नाही.

इंजिनात पाणी शिरलं तर. हो / नाही.

चावी हरवली तर. रस्त्यात बंद पडली तर. गाडी चोरीला गेली आणि सापडलीच नाही तर.

"समदं घ्या न्हाईतर काईच घेऊ नका, असं मी म्हननार न्हाई," आप्पासाहेब सांगत होता. "गाडी आठ वर्साची. घसाऱ्याचं ते झिरो डेप आता कंपनी देती का न्हाई ते बी बघायला लागंल. इंजिनाचं तुमच्या हिकडं काय काम? प्रवाशांचं मात्र घ्या. पाच सीटची गाडी हाय, मानसामागं थोडंच पडतंय. तुमाला मालक-चालक म्हनून पंधरा लाखाचं हायेच. चालवतं कोन? तुमीच ना?"

"उद्यापासून मुलगी."

फोनमध्ये कोंबडा आरवला. आप्पासाहेब घोडेगावात घरीच असावा.

"मग तिला ते लागू न्हाई, भाऊ. ते मालकाला. मालक चालवत आसंल तर."

"मग प्रवाशांमध्ये धरा."

"चालवनारा प्रवासी कसा व्हईल? प्रवासी म्हंजी बसल्यालं." मग तो म्हणाला, "आमच्या ह्या पॉलिसीत तिला जागाच न्हाई बघा. मालक न्हाई, प्रवासी न्हाई. पाच वाजेपर्यंत सांगा. मंग मी सिस्टीम बंद करतो."

मूठ उघडली तर खड्यांचे ठसे तळहातावर उमटले होते. महेंद्र गाडीतच बसून राहिला. वृषाली तेवीस वर्षांची होती. राहात्याला एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेत तिला काम लागलं होतं. आठवड्यातून चार दिवस शेतांवर जायचं, मातीचे नमुने पिशव्यांत भरून आणायचे, स्वतःचं वाहन पाहिजे. लायसन्स निघून चार महिने झाले होते. चालवते चांगली. त्याच्यापेक्षा चांगली, असं तिची आई म्हणते. नगरहून राहाता म्हणजे मनमाड रस्ता, जानेवारी, उसाचा हंगाम, आणि साडेसहाला निघायचं तर अर्धा रस्ता धुक्यात. तो ड्रायव्हरच्या सीटवर सरकला. इथे मी बसलो तर पंधरा लाख. मग तो उतरला, वळसा घालून शेजारच्या सीटवर बसला. इथे बसलो आणि खूण केली तर इथेही काही आहे. मग मागे डावीकडे. मग मधे, जिथे कुणी बसत नाही, जिथे पाठीला टेकायलाही धड मिळत नाही, तिथेसुद्धा. मग मागे उजवीकडे. समोरच्या घरातल्या बाई कपडे वाळत घालता घालता त्याच्याकडे बघत होत्या. उद्या सकाळी ही गाडी जाईल तेव्हा चार रिकाम्या सीटांना संरक्षण असेल. रिकाम्या सीटवरच्या हवेला काही झालं तर कंपनी येईल. आणि पाचव्या सीटवर

पाचव्या सीटच्या पुढचं तो मनात कधी पूर्ण करत नव्हता. तिथे वर्कशॉपातली दुपार यायची. अपघातातल्या गाड्या लोडरवरून यायच्या, त्यातलं चांगलं सामान काढून स्टोअरला जमा व्हायचं आणि तो नोंद करायचा. आरसा, नग एक. हँडब्रेक लिव्हर, नग एक. सीट बेल्ट, ड्रायव्हर बाजू, कापलेला. बेल्ट नेहमी तिरके कापलेले असायचे. घाईत माणूस ब्लेड सरळ चालवत नाही. कापलेला बेल्ट निकामी, तो स्टोअरला येण्याचं कारण नव्हतं, पण मेकॅनिक सीटबरोबर आणून टाकायचे. नव्या नोकरीत एकदा त्याने तसा बेल्ट हातात घेतला होता. कडेला वाळलेलं काही तरी कडक होतं आणि त्याने ते नखाने खरवडलं होतं. डिंकासारखं निघालं. मग त्याला कळलं. नंतर साबणाने नख धुतलं, घरी येऊन पुन्हा धुतलं. त्या दिवशी बायकोने सांगितलं होतं की तिला दिवस गेलेत.

खडे कुणी ठेवले हा प्रश्नच नव्हता. आईने. भिमाबाईने. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. ती असताना घरात चौघं, आणि ती नसली तर गाडीत तिघं: तो, त्याची बायको प्रेमला, वृषाली. ती गुडघ्यांमुळे फारशी कुठे जायची नाही. दारात उभी राहायची. म्हणजे गाडीत जो चौथा असायचा तो तिचा होता. घरी ती आणि गाडीत खडा. पण हे ती कधी बोलली नाही, कारण या घरात ते बोलायचं नव्हतं. रंभाजीने, महेंद्रच्या बापाने, लहानपणी आपल्या आईवडिलांबरोबर जुने देव सोडले ते असे सोडले की त्यांच्याबरोबर शकून, अपशकून, मांजर, विधवेचं तोंड, सगळं गेलं. भिंतीवर दोन तसबिरी, बुद्धाची आणि बाबासाहेबांची, बाकी भिंत मोकळी. लष्कराच्या डेअरीत रोजंदारीवर लागून कायम झालेला माणूस. संध्याकाळी पोरांना पाढे म्हणायला लावायचा. "मोजा. मोजायला शिका. मोजल्यानं मानूस मरत न्हाई."

महेंद्र नऊ वर्षांचा होता. बाप, चुलता आणि तो, असे तिघं नेवाशाकडे लग्नाला निघाले होते. आईने त्याच्या चड्डीच्या खिशात खडा टाकला आणि ओठांवर बोट ठेवलं. टेम्पोच्या स्टँडवर बापाने त्याचा खिसा का चाचपला कोण जाणे. खडा बाहेर काढला, त्याच्या हातात दिला. फेक. त्याने फेकला. आता मोज, आपन किती? टेम्पोतली सगळी माणसं बघत होती. किती? मोठ्यानं म्हन. "तीन," तो म्हणाला. वीस मैल त्याने डोळे मिटले नाहीत. समोरून येणारा प्रत्येक ट्रक त्याने तीन म्हटल्यामुळे येत होता. ते पोहोचले, जेवले, परत आले. काही झालं नाही. काही झालं नाही, ही गोष्ट त्याला पुढे आयुष्यात कधी पुरली नाही. बापाने त्याला खडा फेकायला शिकवलं होतं, आणि खडा जिथे होता ती जागा खिशात तशीच राहिली. पुढे नोकरी लागल्यावर त्याने त्या जागेत पॉलिस्या ठेवल्या. आयुष्याची, घराची, स्कूटरची, गाडीची. याला पावती होती. याला बाप हसला नसता.

दुपारी त्याने खडे स्टीलच्या वाटीत घालून जेवणाच्या टेबलावर ठेवले. रागाने ठेवायचे होते, पण वाटी हळूच ठेवली गेली.

"अगं बाई, आत्यांचे," प्रेमला सासूच्या आठवणीने म्हणाली आणि भाकरी वाढता वाढता थांबली.

वृषालीने एक उचलला, नखाने घासला, उजेडात धरला. "चुनखडीचा आहे. आजी ओढ्यावरून आणायची, तुमच्या कारभारीमामांच्या घराच्या मागच्या. घरी आणून धुवायची."

"तुला माहीत होतं?"

"बाबा, आजीचा हात पोचायचा का सीटखाली? तिला वाकता यायचं का? मीच ठेवायचे."

"तू. बी.एस्सी. झालेली."

"तेव्हा झाले नव्हते ना." ती हसली. "तिला बरं वाटायचं हो. माझं काय जात होतं? तुम्ही नाही का दरवर्षी त्या आप्पासाहेबांना देता."

"त्यात आणि यात फरक आहे."

"आहे ना. आजीचं फुकट होतं."

प्रेमला पदर तोंडावर धरून हसली. महेंद्रलाही हसू येत होतं, पण आतून दुसरंच काही येत होतं, आणि त्याने ते विचारलं. "आणि आजी गेल्यावर?"

"काय बाबा तुम्ही पण," वृषाली म्हणाली. तिने खडा वाटीत टाकला. टण्ण वाजलं. "ठेचा द्या इकडे."

तिने उत्तर दिलं नाही, हे त्याला घास गिळल्यावर कळलं. आणि तो विचारत होता ते एका विशिष्ट संध्याकाळबद्दल. तेरा महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, राहुरीच्या अलीकडे, तिघं शिर्डीकडच्या एका साखरपुड्याहून परत येत होते. तो चालवत होता, वृषाली शेजारी. समोर अंधार होता, म्हणजे तो अंधार समजत होता. तो अंधार नव्हता, ऊस होता. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फक्त उसाचे शेंडे लोंबत होते, आणि ते शेंडे काचेवर असे फिरले जशी कुणी ओल्या केरसुणीने काच झाडावी. गाडी थांबली होती. पाय ब्रेकवर होता, तो आपला आहे हे त्याला कळत नव्हतं. "बाबा," वृषाली म्हणाली, "झालं. थांबलो आपण. थांबलो." तेच ती तीनदा म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की त्याला वाटलं हिला भीती माहीतच नाही. आणि ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त भिववत आली. भिणारा माणूस ब्रेक लवकर दाबतो. न भिणारं माणूस उशिरा दाबतं. तेव्हा आई जाऊन महिना झाला होता. तिघं होते गाडीत. तिघंच होते की

पान पुन्हा उघडलं.

चावी हरवली तर: नाही. हरवू दे.

बंपर: नाही. फुटू दे, बंपर फुटण्यासाठीच असतो.

इंजिन, नाही. चोरी, नाही. चोराने गाडी आजच नेली तर बरं होईल, असं वाटून तो स्वतःलाच दचकला. गाडी नसेल तर उद्या नसेल. त्याने गाडीकडे पाहिलं. चावी खिशात होती. ती विहिरीत टाकता येते. क्लच वायर काढून ठेवता येते. वर्कशॉपात त्याने शंभर वेळा बघितलंय. बॅटरीचं कनेक्शन ढिलं करून ठेवलं तर सकाळी सुरू होणार नाही, ती बसने जाईल, बसने तीन दिवस जाईल, मग प्रयोगशाळा दुसऱ्या कुणाला घेईल. हे सगळं त्याने अगदी बारकाईने, पान्याच्या नंबरासकट ठरवलं. दहा नंबरचा पाना. पाना डिकीत होता. तो उठून डिकीपर्यंत गेलाही. डिकीत नमुन्यांच्या पिशव्या घडी घालून ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीवर तिने स्केचपेनने क्रमांक घातले होते, एक ते चाळीस, त्याच्यासारखेच, आकड्याखाली रेघ ओढून. त्याने डिकी बंद केली.

त्याने आप्पासाहेबाला फोन लावला. "तिच्यासाठी काही आहे का? फक्त तिच्यासाठी."

"हाय की. अपघाताची वेगळी पॉलिसी. तिच्या नावानं. कुटं बी असू द्या, गाडीत असू द्या न्हाईतर जिन्यात. मी लिंक पाठवतो. पन भरायची तिनंच. सज्ञान हाय ना पोरगी? ओटीपी तिच्याच फोनवर येनार. वारस बी तिनंच टाकायचा."

"वारस."

"नॉमिनी वो. तसं कसं चालंल त्याच्याशिवाय? पैसं कुनाला द्यायचं मंग?"

म्हणजे तिला सांगावं लागणार होतं. मी भरलं असतं गुपचूप, जशी आई खडा ठेवायची तसं, ओठांवर बोट ठेवून, तिच्या सीटखाली सरकवलं असतं. पण या कागदाला तिचा हात लागणार होता. बाप मुलीला म्हणणार, बाळा, तू मेलीस तर पैसे कुणाला, ते लिही. तो घरात आला. चार वाजले होते. वृषाली पलंगावर उताणी पडून मोबाईल बघत होती. तो दारात उभा राहिला, परत गेला, पाणी प्यायला, परत आला. मोठ्यानं म्हन. टेम्पोतली सगळी माणसं बघत होती.

"वृषे. एक लिंक येईल. भर."

"कसली?"

"अपघात विमा. तुझ्या नावाचा. गाडीच्या पॉलिसीत चालवणारीला जागा नाही, म्हणून."

"बरं." ती उठलीही नाही. अंगठे चालू लागले. नाव. जन्मतारीख. व्यवसाय: ती स्वतःशीच म्हणाली, "माती." मग थांबली. तो भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत होता, बापाकडे बघावं तसा.

"नॉमिनी आईला टाकते," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"तुम्हाला टाकलं तर तुम्ही फॉर्मच भरणार नाही. नुसते घेऊन बसाल." अंगठा पुन्हा चालू लागला. "नातं, आई. झालं. ओटीपी आला. झालं बाबा."

सव्वाचार. तिला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. आप्पासाहेबाला त्याने कळवलं, गाडीच्या पॉलिसीतलं ऐच्छिक काहीच नको. "प्रवाशांचं बी न्हाई?" "प्रवासी नाहीतच," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं होतं की हलकं वाटेल. त्याऐवजी असं वाटलं की इतके दिवस जी भीती चौकोनाचौकोनांत वाटून ठेवली होती, ती सगळी आता एकाच जागी येऊन बसली आहे, ड्रायव्हरच्या सीटवर, पट्टा लावून.

रात्र कशी तरी सरली. सकाळी सव्वासहाला धुकं कडुनिंबाच्या निम्म्यापर्यंत उतरलं होतं. काचेवरचं दव तो फडक्याने पुसत होता. पुढची काच, मागची, आरसे, पुन्हा पुढची. प्रेमला डबा घेऊन आली. वृषाली आली ती ओल्या केसांची, स्वेटरच्या बाह्या ओढून बोटांपर्यंत आणलेल्या. "बाबा, काच झिजेल."

"उसाच्या ट्रॉलीमागे"

"अंतर ठेवीन."

"दिवा नसतो त्यांना. काळं दिसलं की"

"काळं दिसलं की रस्ता नाही, ऊस. माहितीय." ती आत बसली. सीट पुढे ओढली, आरसा हलवला, पट्टा लावला. पट्ट्याची टिचकी त्याला बोटांत जाणवली. काच खाली करून ती म्हणाली, "पोचले की फोन करते. मधे करणार नाही. तुम्हीपण करू नका."

तो खिडकीत वाकला. जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "एकटं जाणाऱ्याला किती लागतात गं?"

ती क्षणभर समजली नाही, मग समजली. "आजीला विचारलं होतं मी एकदा. म्हणाली, एकट्याला काय न्हाई लागत. एकट्याला कुनी मोजत न्हाई." तिने हुबेहूब आजीचा आवाज काढला. प्रेमला म्हणाली, "गप गं, निघताना." गाडी सुरू झाली. पहिल्या फटक्यात सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी ब्रेकचे दोन लाल दिवे लागले, लवकर लागले, वळणाच्या बरेच आधी, आणि मग धुक्यात गेले.

तो घरात आला. मोबाईलवर दोन पॉलिस्या येऊन पडल्या होत्या, एक गाडीची, एक तिची. त्याने उघडल्या नाहीत. प्रेमला चहा ठेवत होती. टेबलावर ती स्टीलची वाटी कालपासून तशीच होती. ही कुठे तरी ठेवून द्यायला हवी. फेकायची तर ओढ्यावर नेऊन फेकायची, की स्टोअरमध्ये, की

त्याने वाटी उचलली आणि डोळ्यांनी त्याला न विचारताच मोजलं. मग खडे टेबलावर ओतले. एकापुढे एक मांडले, सीटखाली होते तसे. टेबलाखाली वाकून पाहिलं. वाटीच्या बुडाशी बोट फिरवलं.

"काय शोधताय?" प्रेमलाने विचारलं.

सात होते. त्याने पुन्हा मोजले, बापाने शिकवलं होतं तसे, एकेकावर बोट ठेवून, मोठ्याने. सात. बाहेर धुकं तसंच होतं, आणि त्यात कुठे तरी, बहुधा विळद घाटाच्या अलीकडे, त्याच्याइतकंच भ्यालेलं एक माणूस गाडी चालवत होतं.